कोण आलंय बघतो

बोलता बोलता काका मध्येच उठायचे, दारापर्यंत जायचे, कडी काढून बाहेर डोकवायचे. मग दार लावून परत खुर्चीवर बसत म्हणायचे, "नाही, कोणी नाही. हं, तर आपण कुठं होतो?"

दार कोणीही वाजवलेलं नसायचं. पहिल्यांदा मला वाटलं, म्हाताऱ्याचे कान वाजतात. तुम्हालाही तेच वाटलं असतं.

मी क्लासमध्ये गणित शिकवतो आणि चोरून कॉमिक्सच्या गोष्टी लिहितो. एका प्रकाशनाने कॉमिक्स लिहिणाऱ्यांसाठी स्पर्धा जाहीर केली. नुसती संहिता पाठवायची, निवडलेल्या गोष्टीची चित्रं ते काढून घेणार. पनवेलजवळ सुकापूरला एक गृहस्थ राहतात, पूर्वी मुलांच्या मासिकात चित्रकथा लिहायचे, असं कळलं म्हणून आम्ही चारपाच हौशी लोक त्यांच्याकडे जाऊ लागलो. रविवारी दुपारी त्यांच्या तळमजल्यावरच्या ब्लॉकमध्ये बसायचं, काकूंचा चहा प्यायचा आणि काकांकडून मनसोक्त बोलणी खायची.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा न्यारी होती. आपण लिहिलेलं पान पुढ्यात घ्यायचे आणि सगळ्या संवादांवर तळहात ठेवायचे. "आता सांगा, गोष्ट कळते का?" नाही कळली की पान परत. माझं पहिलं पान वाचताना त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'तो चहा संपवतो, चप्पल घालतो आणि दार ओढून निघतो.'

"एका चौकटीत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चित्रकार माणूस आहे हो. त्याला घरदार आहे. एका चौकटीत एकच काम द्या, नाहीतर तो पळून जाईल."

चित्रकाराबद्दल ते नेहमी असं घरच्या माणसासारखं बोलायचे. त्याला काय हवं ते नीट लिहा, दिवस की रात्र ते सांगा, त्याला अंदाज करायला लावू नका, हे तर आम्हाला पाठच झालं होतं. आणखी एक गोष्ट ते फार कळकळीने सांगत. उजव्या पानाच्या शेवटी कोणी दार वाजवलं, तर पान उलटल्यावर ते उघडलंच पाहिजे. "माणसाला दारात उभं करून ठेवू नका. फार वाईट असतं ते." एवढं बोलून स्वतःच उठायचे आणि दार उघडून बघायचे.

"कोन नाय ओ, बसा," काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या. त्या उरणकडच्या एका गावच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. आवाज खणखणीत, पण हे वाक्य मात्र त्या हळू म्हणायच्या.

दाराचा उलगडाही त्यांनीच केला. एकदा काका औषध आणायला गेले होते, तेव्हा सांगितलं. काका लिहायचे आणि पनवेलच्या मोहल्ल्यातला त्यांचा एक दोस्त चित्रं काढायचा. वर्षानुवर्षं दोघांची जोडी. शेवटची गोष्ट होती मिठागरातल्या मुलीची. ती परगावाहून परत येते तर गाव उठून गेलेलं, फक्त बांधावरच्या एका खोपीत दिवा दिसतो. ती जाऊन दार वाजवते. आत कोण, ते काकांना सुचेना. दोस्त हसून म्हणाला, "तू लिहू नको यार. दारामागं कोन हाय ते मला मालूम हाय. संध्याकाळी काढून आणतो."

त्या संध्याकाळी पळस्पे फाट्यावर त्याच्या स्कूटरला ट्रकने उडवलं. तो इकडेच येत होता. त्याच्या पिशवीत कागद होता की नव्हता, त्या गडबडीत कोणी बघितलं नाही.

"तवापासून दार वाजल्यासारखा वाटतो त्यांना," काकू म्हणाल्या. "मी काय बोलू?"

आम्ही हट्टच धरला की ती गोष्ट स्पर्धेला पाठवायची. काका तयार झाले. पोरीचा चेहरा, मिठाच्या राशी, खोपीचा दिवा, सगळं त्यांनी इतकं नेटकं लिहिलं की चित्रं समोर दिसावीत. शेवटच्या चौकटीपाशी मात्र एवढंच होतं: 'दार उघडतं. पुढचं तुला माहीत आहे.'

"काका, हे चालणार नाही," मी म्हटलं. "प्रत्येक चौकटीचं पूर्ण वर्णन द्या, असा नियमच आहे. तुम्हीच तर आम्हाला ओरडता."

त्यांनी प्रयत्न केला. आईला बसवलं, खोडलं. बापाला बसवलं, खोडलं. शेवटी पेन ठेवून म्हणाले, "मी कोणालाही आत बसवलं तरी ते खोटं होणार. आत कोण आहे ते त्यालाच ठाऊक." गोष्ट तशीच गेली आणि शेवट अपूर्ण म्हणून परत आली. मला स्पर्धावाल्यांचा भयंकर राग आला. काका म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. मीसुद्धा परत पाठवली असती."

त्यानंतर ते खचले. रविवार चालू राहिले, पण ते खुर्चीतून फारसे उठत नसत. एका रविवारी मात्र माझं पान हातात असताना ते सावकाश उठले आणि दारापाशी गेले. कडी काढली, दार पूर्ण उघडलं. आम्ही नेहमीच्या वाक्याची वाट बघत राहिलो. ते मात्र कोणाला आत यायला वाट द्यावी तसे बाजूला सरले आणि म्हणाले, "ये. किती उशीर केलास."

 काकू बाहेर आल्या, त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आणखी एक कप आणून ठेवला.

काका येऊन बसले. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून थोडं हसले. "असं होय," म्हणाले. "मला कसं सुचलं नाही."

"काय काका? आत कोण होतं?" मी विचारलं.

"काढलंय त्यानं," एवढंच ते म्हणाले. तो आठवडा संपायच्या आत ते गेले.

यंदा स्पर्धा पुन्हा जाहीर झाली. आम्ही दुसरी जागा शोधत होतो, तर काकूंचा फोन आला, "तुमी इथंच बसायचा." परवाच्या रविवारी गेलो. एक नवी मुलगी पान वाचत होती आणि मी तिला काकांच्या थाटात सांगत होतो की पान उलटल्यावर दार उघडायलाच हवं. बोलता बोलता मी थांबलो. तीही दाराकडे बघत होती.

"वाजलं का?" तिने विचारलं.

मला नक्की सांगता येईना. कोणी नाही, बसा, असं काकू म्हणतील म्हणून मी वाट बघितली.

"जरा बग," त्या आतून म्हणाल्या. "कोन आयलाय."

मी उठलो, कडी काढली. जिन्याखाली कोणाची तरी सायकल होती आणि बाहेर कडक ऊन होतं. बाकी कोणी नव्हतं. मी दार पूर्ण उघडलं आणि बाजूला सरलो.