मऊ पडलेलं ॲल्युमिनियम

माझं काम इंजिनाचे सिलिंडर बोअर करायचं. रत्नागिरीच्या एमआयडीसीत माझी शेड आहे. त्यात एक बोअरिंग मशीन, सिलिंडर आतून गुळगुळीत करायचं एक होनिंग मशीन आणि हेड घासायचं ग्राइंडर. मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरची इंजिनं, टेम्पो, जुन्या जीपा यांच्यावर पंचवीस वर्षं गेली. इंजिन झिजलं की त्याचा ब्लॉक माझ्याकडे यायचा. मी सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठा करायचो, त्यात तेवढाच मोठा पिस्टन बसायचा आणि इंजिन पुन्हा चालायला लागायचं. अलीकडे ब्लॉक येत नाहीत. लोक इंजिनच बदलतात, नाहीतर गाडी विकून टाकतात. ही गोष्ट घडली त्या वर्षी माझं मशीन आठवड्यातून दोन दिवस चालायचं. उरलेले दिवस मी ते पुसत बसायचो.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्यात याचाही वाटा होता.

साहेब भाट्याला राहायचे. मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनियर म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली होती, म्हणून सगळेच त्यांना साहेब म्हणत. ते मला मिस्त्री म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मी वहिनी. मुलगा परदेशात, घरात दोघंच. निवृत्त झाल्यावर साहेबांनी मुंबईहून एक जुनी पण चांगली ठेवलेली गाडी आणली. सहा सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. आमच्या भागात तसली दुसरी नव्हती.

"जन्मभर डिझेलची धडधड ऐकली," ते म्हणाले होते, "आता एक इंजिन असं पाहिजे की चालू आहे हे कळूच नये."

एका रविवारी त्यांनी मला मुद्दाम बोलावून बॉनेट उघडून दाखवलं. इंजिन चालू होतं आणि मला खरंच कळलं नाही. सहा सिलिंडर एका रांगेत. त्यातले दोन पिस्टन वर येतात तेव्हा दुसरे चार खाली अशा जागी असतात की एकाचा धक्का दुसरे खाऊन टाकतात. चार सिलिंडरच्या इंजिनाला जी थरथर असते आणि जी मारायला त्यात वेगळे फिरते दांडे घालावे लागतात, ती इथे मुळात तयारच होत नाही. साहेबांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. हे इंजिन एकटं नाही, त्याची फॅमिली आहे. अर्ध्या लिटरचा एक सिलिंडर कंपनीने नीट बसवला, मग तसे तीन लावून छोटं इंजिन केलं, चार लावून मधलं, सहा लावून हे. पिस्टनपासून कितीतरी गोष्टी तिन्हींत सारख्या.

वहिनी दारात उभ्या होत्या. "मला तर वाटतं बंदच आहे," त्या म्हणाल्या. "मी दोनदा सांगितलं यांना, आधी चालू करा, मग निघू."

त्यानंतर वर्षभरात वहिनींना पोटाचा कॅन्सर निघाला. उपचार कोल्हापूरला होते. साहेब त्यांना दर तीन आठवड्यांनी त्याच गाडीतून आंबा घाटातून घेऊन जायचे, कारण तिच्यात हादरे कमी बसतात.

पाचव्या का सहाव्या खेपेला साखरपा सोडून घाट सुरू झाला आणि समोरच्या पडद्यावर सूचना आली की इंजिन गरम झालंय, गाडी थांबवा. पाण्याचा एक प्लॅस्टिकचा जोड वर्षानुवर्षं तापून कडक झाला होता, तो तडकला होता. पाणी रस्त्यावर सांडत होतं. मागच्या सीटवर वहिनी कण्हत होत्या. घाटात फोन लागत नव्हता. साहेबांनी गाडी थांबवली नाही. गाडीने आपणहून ताकद कमी केली तरी ते दामटत राहिले. आंबा गाव जवळ आलं आणि इंजिन जागीच जाम झालं. एका दुधाच्या टेम्पोवाल्याने वहिनींना पुढे बसवून कोल्हापुरात पोचवलं.

"जहाजावर कुणी असं केलं असतं ना मिस्त्री," साहेब मला म्हणाले, "तर मी त्याला पुढच्या बंदरात उतरवला असता."

गाडी ट्रकवर चढवून माझ्या शेडमध्ये आणली. कंपनीच्या वर्कशॉपने सांगितलं होतं की आख्खं नवीन इंजिन बाहेरून मागवावं लागेल, काही महिने लागतील. डॉक्टरांनीही वहिनींचे काही महिनेच सांगितले होते. तोवर उपचार थांबवले होते, आता फक्त वेदना कमी करायची औषधं चालू होती. साहेब माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "तिला एकदा हेदवीला जायचंय. गणपतीला. तिचं माहेर तिथलंच. मला तिला या गाडीतून न्यायचंय. तू इंजिन उघड."

मी उघडलं. हेड काढायला आधी टायमिंग चेन सोडवावी लागते आणि यात ती मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे. तिथे पोचायला सुद्धा आख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. तीन दिवस गेले. हेड काढलं आणि सहाही सिलिंडर दिसले. चारांत पिस्टनने भिंती ओरबाडल्या होत्या.

माझ्या सवयीने मी म्हणालो, "अर्धा मिलिमीटर काढतो, मोठे पिस्टन मागवू."

साहेब मान हलवत होते. "यात लायनर नाही रे. नीट बघ."

मी बघितलं. ट्रॉलरच्या इंजिनात लायनर म्हणजे बिडाची जाड नळी असते, तिच्यात कापायला जागा असते. इथे ब्लॉक सगळा ॲल्युमिनियमचा, आणि आतून लोखंडाचा फवारा मारलेला. तार वितळवून फवारतात, त्याचा थर कागदाच्या दोनतीन पानांएवढा. वजन कमी, उष्णता लवकर बाहेर, घर्षण कमी. सगळं बरोबर. फक्त माझ्यासारख्याला करायला काहीच ठेवलेलं नाही. माझं मशीन त्याला लावलं तर पहिल्याच फेरीत थर संपणार.

आम्ही दोघांनी मिळून एक वाट काढली. सिलिंडर मोठे कापायचे आणि त्यात बिडाचे पातळ लायनर ठोकून बसवायचे. ते काम इतक्या बारीक मापाचं होतं की मी कोल्हापूरच्या एका ओळखीच्या मशीनवाल्याकडे ब्लॉक पाठवला. पिस्टनसाठी साहेबांनी फोनवर फोन केले. मुंबईच्या एका भंगारवाल्याकडे याच फॅमिलीतलं चार सिलिंडरचं एक इंजिन मिळालं, अपघातातल्या गाडीचं. त्याचे चार पिस्टन हुबेहूब हेच. ते आले तेव्हा साहेबांनी एक पिस्टन रुमालाने पुसून हातात धरला आणि मी त्यांना कित्येक आठवड्यांनी हसताना पाहिलं. आमचे दोन पिस्टन वाचलेले होते. चार आणि दोन सहा.

साहेब रोज सकाळी नऊला यायचे ते संध्याकाळी सहाला परत. वहिनींजवळ दिवसभर एक बाई ठेवली होती. ब्लॉक कोल्हापूरला असतानाही ते यायचे. बोल्ट मोजायचे, हेड धुवायचे, माझ्याबरोबर चहा प्यायचे. मला बरं वाटायचं. शेडमध्ये पुन्हा काम चाललंय असं वाटायचं. शेजारच्या शेडमधली माणसंही बघायला येत.

मग कोल्हापूरहून मशीनवाल्याचा फोन आला. साहेब तेव्हा बाहेर टपरीवर गेले होते.

"लायनर बसवलेत," तो म्हणाला. "पण एक सांगतो. हा ब्लॉक लय तापलाय. मी हार्डनेस बघितला. ॲल्युमिनियम मऊ पडलंय. हेडचे बोल्ट त्यात टिकायचे नाहीत."

"नक्की?"

"मी नाही बांधणार हे इंजिन. तुम्ही बघा."

साहेब परत आले तेव्हा मी म्हणालो, "लायनर झाले. परवा ब्लॉक येतोय." एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाट्याला गेलो. गाडीचे कागद साहेबांच्या घरी राहिले होते आणि साहेब शेडवर येऊन बसले होते, म्हणून मीच स्कूटर काढली. वहिनी पडवीत खाटेवर होत्या. एवढ्याशा झाल्या होत्या. त्यांनी कामाच्या बाईला चहा करायला आत पाठवलं आणि मला जवळ बसायला सांगितलं.

"भाऊजी, खरं सांगा. गाडी होणार आहे का?"

मी म्हणालो, "प्रयत्न चाललाय वहिनी."

"मी प्रयत्नाचं नाही विचारत."

मी स्कूटरची किल्ली खिशात टाकली.

"होणार नसेल तर त्यांना सांगा ना तसं," त्या म्हणाल्या. "ते घरी येतील. दिवसभर तुमच्याकडे असतात. संध्याकाळी येतात ते इंजिनाचंच बोलतात. मला कळतं हो, त्यांना इथे बसवत नाही. माझ्याकडे बघवत नाही. पण किती दिवस राहिलेत?"

"हेदवीला जायचंय ना तुम्हाला," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"हेदवीला रिक्षानंसुद्धा जाता येतं, भाऊजी. जयगडला फेरीबोटीत चढवली की झालं. मला गाडी नकोय. तुमचं ऐकतील ते. तुम्ही सांगा."

मी "सांगतो" म्हणालो. चहा घेतला आणि निघालो.

भाट्याच्या पुलावर स्कूटर बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलो, ते आठवतं. काय बोलायचं ते मी मनात जुळवलंसुद्धा. पण शेडवर पोचलो तर साहेबांनी सहाही पिस्टन ओळीने फडक्यावर मांडून ठेवले होते, रिंगा चढवलेल्या, प्रत्येकाखाली खडूने नंबर. ते म्हणाले, "बघ." मी बघितलं. आणि बोललो नाही.

त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. ब्लॉक आल्यावर तर नाहीच. लायनर इतके सुंदर बसले होते की मलाच वाटायला लागलं, कोल्हापूरवाला चुकला असेल. आठ दिवस आम्ही इंजिन बांधत होतो. तसं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. क्रँक हाताने फिरवला तर दोन बोटांनी फिरायचा. रात्री झोपताना वहिनींचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा आणि मी स्वतःला सांगायचो, अजून चार दिवस, मग गाडीच दारात उभी करू.

आठव्या दिवशी दुपारी हेड बसवलं. या इंजिनाचे हेड बोल्ट आधी ठरावीक जोराने आवळायचे आणि मग कोनात मोजून फिरवायचे, नव्वद अंश, पुन्हा नव्वद. बोल्ट ताणला जातो आणि त्या ताणावर हेड धरलं जातं. ते एकदाच वापरायचे, म्हणून नवे आणले होते. साहेब कोन बघत होते, मी पाना ओढत होतो. पहिले तीन नीट आवळले गेले. चौथ्याला शेवटच्या फेरीत पाना हातात हलका झाला. ज्याने बोल्ट आवळलेत त्याला तो हलकेपणा माहीत असतो. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची गुंडाळी अडकून आली होती. पाचव्यालाही तेच झालं.

मी पाना खाली ठेवला.  साहेबांनी ती गुंडाळी नखाने सोडवली आणि दोन बोटांत दाबली. ती चपटी झाली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. त्यांच्या घरची कामाची बाई होती. साहेबांना अर्धा तास फोन करत होती, म्हणाली. साहेबांचा फोन बाकावर फडक्यांखाली होता, त्यांनीच आवाज बंद करून ठेवला होता, बोल्ट आवळताना लक्ष जाऊ नये म्हणून.

माझ्या स्कूटरवरून आम्ही भाट्याला गेलो. आम्ही पोचलो तेव्हा वहिनी गेलेल्या होत्या. बाई म्हणाली, शेवटी शुद्धीत होत्या, दोनदा विचारलं, आले का. साहेबांच्या हाताला ग्रीस होतं. ते तसेच खाटेच्या कडेला उभे राहिले, हात लावायचा की नाही ते कळेना. मी बादलीत पाणी आणि साबण आणला. त्यांनी बराच वेळ हात धुतले.

मुलगा आला, दिवस झाले, मुलगा गेला. इंजिन माझ्या शेडमध्ये तसंच होतं. महिन्याभराने साहेब एकदा आले आणि म्हणाले, भंगारात दे. गाडीचा सांगाडाही गेला. मी ब्लॉक फोडायला दिला तेव्हा तिथे थांबलो नाही.

पावसाळ्यानंतर मिरकरवाड्याला एका ट्रॉलरचं हेड बसवून मी वर आलो तर धक्क्यावर साहेब बसलेले दिसले. दाढी वाढलेली. मी शेजारी बसलो. खाली लिलाव चालला होता, बर्फाच्या पेट्या ओढत होते.

ते म्हणाले, "ब्लॉक मऊ होता, ते मला माहीत होतं. तू कोल्हापूरहून आणलास त्याच दिवशी मी कोपऱ्यात कानस लावून बघितली होती."

मी म्हणालो, "मलाही माहीत होतं साहेब. कोल्हापूरवाल्याने सांगितलं होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मग त्यांनी विचारलं, "तू एकदा घरी गेला होतास. कागद आणायला. तेव्हा ती काही म्हणाली का रे?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण इतके दिवस न बोलून काय झालं ते समोर बसलेलं होतं. मी सगळं सांगितलं. रिक्षाचं सांगितलं, फेरीबोटीचं सांगितलं, त्यांना घरी पाठवा म्हणाल्या तेही सांगितलं.

साहेब ऐकत होते. माझं बोलून झाल्यावरही ते ऐकत असल्यासारखे बसले. मग उठले, चप्पल पायात सरकवली आणि जाळी वाळत टाकली होती त्यांच्या मधून चालत गेले. मी हाक मारली नाही. हाक मारून सांगणार काय होतो?

नंतर ते मला भेटले नाहीत. भाट्याचं घर बंद आहे. कुणी म्हणतं मुलाकडे गेले, कुणी म्हणतं मुंबईत बहिणीकडे आहेत. मी चौकशी केलेली नाही. माझं बोअरिंग मशीन गेल्या वर्षी कराडच्या एकाने नेलं. आता शेडमध्ये मी पंपांची दुरुस्ती करतो.