दारांची होडी

दुकानात आला की तो आधी पिंपाला टिचकी मारायचा. बोटाच्या पेरानं, कुणाचं दार वाजवावं तशी. मग कान लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ह्यात जीव हाय." नाहीतर नुसती मान हलवायचा. त्यानं मान हलवलेलं पिंप आमचे हे दुसऱ्या दिवशी सरळ कापायला धाडायचे. इतका त्याच्या कानावर विश्वास.

पंचवटीत भाजीबाजाराच्या पुढे आमचं भंगाराचं दुकान होतं. मी शिकलेली चौथी. पुढचं सगळं रद्दीनं शिकवलं. पेपर वजनाला टाकायच्या आधी मी वाचून काढायचे. आमच्याकडे लोक वस्तू टाकायला यायचे, फार तर घासाघीस करायला. हा माणूस पहिल्यांदा आला तो भांडायला.

त्याचं असं झालं. पेठ तालुक्याच्या अंगाला डोंगरात एक धरण आहे. ते बांधताना सामान वाहायला एक लोखंडी होडी आणलेली होती. होडी म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येते तशी नाही. दोन लांबच लांब बंद टाक्या शेजारी शेजारी आणि त्यांच्यावर फळ्यांचा सपाट ओटा. धरण झालं, साहेब गेले, होडी काठाच्या चिखलात पडून राहिली. फळ्या कुजल्या, टाक्यांना शेळ्या बांधायला लागले लोक. मग नव्वदीच्या दशकात कधीतरी तिचा भंगारात लिलाव निघाला आणि तो आमच्या ह्यांनी घेतला.

हे गॅसकटर घेऊन कापायला गेले, तर टाकीवर हा मांडी घालून बसलेला. "आधी मला कापा." दोन तास समजावलं. शेवटी ह्यांनी त्यालाच टेम्पोत घातलं आणि दुकानात आणून माझ्यासमोर उभं केलं. "तूच बोल बाई याच्याशी. माझं डोकं फिरायची वेळ आली."

काळासावळा, शिडशिडीत, चाळिशीचा असेल. मी पाणी दिलं. म्हटलं, "काय करणार भाऊ त्या सडक्या टाक्यांचं?"

"बाई, आमचं गाव धरणात गेलं. आमी पलीकडं वर जाऊन बसलो. दवाखाना, शाळा, बाजार, सगळं राह्यलं अलीकडं. पाण्यावरून यायचं तर दोन बिड्या ओढून होईतो माणूस येतो. फिरून यायचं तर सकाळचा निघालेला दिवेलागणीला पोचतो. आन पावसात ते बी नाय. मधले ओहळ तुंबतात."

"मग आत्ता कसे येता?"

"टायरच्या टुबा. वर बांबू बांधायचे. बाळंतीण असली तरी टुबंवरच. मागल्या सालाला एक टूब फुटली."

"मग?"

"मग काय. ज्याला पोहता येत होतं तो पोहला."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे दुसरीकडे बघायला लागले. मी विचारलं, "पैसे आहेत का?"

"नाय. भात हाय, मध हाय, आन मी हाय."

तर ते ठरलं. होडी कापायची नाही. त्याबद्दल उन्हाळ्यात तो आमच्याकडे येऊन पिंपं निवडून देणार आणि जाताना लागेल ते भंगार उचलून नेणार. ह्यांनी महिनाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं. पण त्या लोखंडाला कटर लागला नाही. तो मी लागू दिला नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सांगताना मला ते विसरता येत नाही.

दोन उन्हाळे तो त्या टाक्यांना चिकटून होता. कामाची पद्धत बघण्यासारखी. टाकीला भोक कुठे आहे ते कसं कळणार? पेटलेल्या गोवऱ्या आणि ओला पाला टाकीत सोडायचा, झाकण लावायचं आणि लांब जाऊन बसायचं. जिथून धुराची रेघ निघेल तिथे गेरूचं बोट. तो मध काढणारा, मोहळाला धूर देऊन देऊन हे शिकलेला. पहिल्या दिवशी म्हणे टाकी अशी धुरकटली, की बायका पोरांना घेऊन पळाल्या.

तिकडे वीज नव्हती, वेल्डिंग कुठलं होणार. आमच्या पिंपांची झाकणं कापून त्यानं ठिगळं केली. रस्त्याच्या ठेकेदारानं टाकलेल्या पिंपांच्या तळाशी डांबर असायचं, ते खरवडून तापवलं. ठिगळाखाली फुटलेल्या टुबांचं रबर, वरून बोल्ट. "ज्या टुबंनं बुडवलं तीच आता पाणी आडवंल," म्हणायचा.

फळ्यांचं मात्र अडलं. जंगलातलं लाकूड तोडायची सोय नाही, विकतचं परवडायचं नाही. गाव बुडालं त्या वेळी लोकांनी घरांची दारं तेवढी उपसून वर आणली होती. जुन्या सागाची, भरीव. नव्या झोपड्यांना तीच लावलेली. तो घरोघर फिरला आणि दारं मागितली. पहिलं स्वतःचं काढलं.

त्याची बायको एकदा दुकानात आली होती त्याच्यासोबत, मधाचा डबा घेऊन. बुटकी, तोंडाची फटकळ, मला फार आवडली. म्हणाली, "ताई, दार काढून नेलं ह्यानं. आता घरात कुत्रं येतं, मांजर येतं, कोंबड्या येतात. फक्त हाच येत नाय."

तो मान खाली घालून हसत होता.

"हसतोय बघा. म्हंतो, तुला पयली बसवीन. मी काय नवरी हाय?"

होडी तरंगली त्या दिवशी त्यानं माणूस बसू दिला नाही. भाताची पोती रचली, सगळीकडे सारखी, एकेक वाढवत. पाणी कुठवर चढलं ते बघून टाकीवर तांबडी रेघ ओढली. "रेघंच्या वर पाणी आलं का एक जण उतरायचा. मग तो पुढारी असू द्या, नायतर मी."

तो पावसाळा ती होडी चालली. चार वल्ही, एक त्याचं. पोरं शाळेत गेली. दोन बाळंतिणी दवाखान्यात पोचल्या, कोरड्या. लोक दारांवर पाय ठेवायच्या आधी चपला काढायचे. अडचण झाली ती फक्त पलीकडे लहानग्यांची वस्तीशाळा होती तिच्या मास्तरची, तो राहायला अलीकडे. "पाणी लय हाय" म्हणून घरी बसायची त्याची सोय गेली. हा सकाळी अलीकडच्या काठाला येऊन हाका मारायचा, "गुरुजी, गाडी लागली!"

नवरात्रात त्याचा निरोप आला. बायांना देवीवर जायचंय, तुम्हीही या.

देवी पाण्याखाली होती. गावासोबत देऊळ गेलं, मूर्ती पाषाणातली, हलवता आली नाही. इतकी वर्षं बाया काठावर उभ्या राहून पाण्याच्या दिशेनं ओटी सोडायच्या. त्यातल्या कितीतरी जणी नवऱ्या होऊन आल्या तेव्हा त्याच देवळात पाया पडल्या होत्या. आता पहिल्यांदा थेट तिच्या डोक्यावर जाता येणार होतं.

मी गेले. नारळ, खण घेऊन गेले. सगळ्या जणी धुवट लुगडी नेसून, हसत-खिदळत बसलेल्या. रेघेच्या खाली चार बोटं पाणी होतं. त्यानं दोनदा वाकून बघितलं. "उठायचं नाय कुणी. बसल्या जागी सोडा," हेही सांगितलं.

ऐकणार कोण, सांगा. आपल्याकडे देवासमोर बसून ओटी भरतात का?

समोर दुभंगलेला डोंगर होता. त्याची चीर आणि काठावरचा उंबर एका रेषेत आले, तशी एक म्हातारी डावीकडे हात करून ओरडली, "हितं! आई हितं हाय!"

सगळ्या उठल्या. सगळ्या डावीकडे. मी पण उठले. मी कोण त्या देवीची? तरी उठले. पदर डोक्यावर घेतला आणि वाकले. आणि वाकता वाकता मला दिसलं, त्यानं वल्हं सोडलं होतं. हात जोडलेले, डोळे मिटलेले. लहानपणी त्या देवळाच्या पायरीवर खेळलेला माणूस तो. वल्ह्यावरच्या बाकीच्यांनीही हात जोडले होते.

डावी टाकी खाली गेली. फार नाही. पण दारं ओली, पायांखाली तांदूळ सांडलेले. कडेच्या बाया घसरल्या त्या सरळ पाण्यात. मी एका खुंट्याला धरून राहिले. होडी उलटली नाही. लोखंड आपलं काम चोख करत होतं. गड्यांनी उड्या टाकल्या. सहा जणी पडल्या होत्या, पाच वर आल्या.

त्याची बायको दुसऱ्या दिवशी सापडली. नऊवारी पायात गुंडाळलेलं होतं.

गावात दोन तट पडले. कुणी म्हणे, देवीचा कोप, मोडा ती होडी. कुणी म्हणे, देवीनं मान घेतला, आता काही होणार नाही. दिवस झाल्यावर तो दुकानात आला. डोकं भादरलेलं. आल्या आल्या खाली बसला. मी चहा ठेवला तो तसाच निवून गेला.

"पोती ठिवून बघितलं होतं बाई," म्हणाला. "बरोबर भरलं होतं. पण पोती उठत नाय ना. पोती हात नाय जोडत."

मी म्हटलं, "भाऊ, आणा ती होडी इकडे. मी माझ्या हातानं कापते. तेव्हाच कापली असती तर वहिनी आज..."

"आन पोरं? परत टुबंवर?" मग म्हणाला, "कठडा पायजे. नुसता कडंनं नाय, मधून बी. चार खण पाडतो. ह्या खणातला माणूस त्या खणात जाता कामा नये."

आमच्याकडे दवाखान्यातल्या मोडक्या लोखंडी खाटा आलेल्या होत्या. त्यांचे पाइप त्यानं नेले. होडीवर गुरांच्या दावणीसारखे चार खण पडले, प्रत्येकाला साखळी. खणांत आडवे पाइप मांडीच्या जरा वर घातलेले, बसलेल्याला उभंच राहता येऊ नये असे.

आणि त्या होडीत कुणी बसेना.

"बायको बुडवली, आता आमच्या बसवतोय." बाया त्याला ऐकू जाईल असं बोलायच्या. तो सबंध उन्हाळा माणसांऐवजी खणांत दगड भरून एकटा वल्हवत नेत होता पलीकडे, परत आणत होता, खण टिकतात का ते बघायला. पाऊस लागला आणि लोकांनी माळ्यावरच्या टुबा काढल्या.

मी त्या दिवसांत एकदा गेले होते. काठावरून जे बघितलं ते तुम्हाला सांगते. पुढे टूब, तिच्यावर दोन पोरी दप्तरं डोक्यावर धरून आणि त्यांचा बाप. दहा हातांवर मागे ही एवढी मोठी होडी, रिकामी. त्यात हा एकटा. टूब थांबली की हा थांबायचा. टूब निघाली की निघायचा. पोरींचा बाप मागे वळून ओरडला, "कशाला आमच्या मागं लागला रं?" हा तेवढंच अंतर राखून वल्हवत राहिला. टूब काठाला लागली, तेव्हा त्यानं तोंड फिरवलं आणि दुसऱ्या टुबेकडे गेला. सगळा पावसाळा त्यानं असा काढला, रोज, ताप असताना सुद्धा.

श्रावणात एक टूब फुटली. त्यानं दोघांना वर घेतलं, खणात बसवलं, साखळी लावली. रागावला नाही, काही ऐकवलं नाही. तिथून हळूहळू माणसं बसायला लागली. आधी पुरुष, मग पोरं. बाया सगळ्यांत शेवटी. देवीच्या जागेवरून जाताना तो काय करायचा ते मी मुद्दाम बघितलंय. दोन्ही हात वल्ह्यावर, डोळे उघडे, आणि नजर खणांवर. बायकोही तिथेच गेलेली. तिच्यासाठी सुद्धा त्यानं एक हात कधी सोडला नाही.

काही वर्षं गेली. त्याची छाती धरली. नाशिकच्या दवाखान्यात आणला तेव्हा मी डबा न्यायचे. दोन घास खायचा आणि मला खायला लावायचा. शेवटी शेवटी बोलायला धाप लागायची. एकदा मला जवळ बोलावलं. मला वाटलं, बायकोबद्दल काही सांगेल.

"बाई, मला नेताना लोक लय बसतील. बसू देऊ नका. मला धरून मोजा."

तिसऱ्या दिवशी गेला.

जीपनं काठापर्यंत आणला. पलीकडचं गाव अलीकडे येऊन उभं होतं. त्याला बांधलेली ताटी दोन मधल्या खणांच्या पाइपांवर आडवी बांधली. पोरं मोजून आत सोडत होती; ती आता बाप्ये झालेली, ह्यानंच शाळेत नेलेली. मला धरून एक जास्त होत होतं. मी उतरले. कुणी म्हणालं, ताई तुम्ही बसा, आम्ही मागून येतो. मी नको म्हटलं.

काठावर उभी राहून बघत होते. होडी दुभंगलेल्या डोंगरासमोर आली. मधल्या खणांत म्हाताऱ्या होत्या, त्या वेळी पाण्यातून वर निघालेल्या दोघी-तिघी होत्या. खाली देवी. वर हा. त्यांचं रडणं पाण्यावरून माझ्यापर्यंत येत होतं. वल्ही एका लयीत चालली होती.

एकही बाई उठली नाही.