डावा दिवा

आईला स्वस्थ झोपलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे शेजारच्या मंदाकाकू फोनवर म्हणाल्या, "अगं, सिस्टर झोपेतच गेल्या," तेव्हा वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतायत. मी नगरला शाळेत वर्गावर होते. श्रीगोंद्याला कशी पोचले, नीट आठवत नाही... दफनविधीला आजूबाजूची कितीतरी गावं लोटली होती, एवढंच आठवतं. काही आठवडे उलटले, पण अजून घरात बसवत नाही, आणि बाहेर पडलं की परत फिरावंसं वाटतं. हा आईचाच स्वभाव माझ्या अंगात शिरलाय की काय, कोण जाणे.

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिनं जुनी छोटी गाडी घेतली आणि पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरायला लागली. रविवारी चर्च, एरवी कुणाचं ड्रेसिंग, कुणा बाळंतिणीची विचारपूस. "घरी बसून काय भिंतींशी बोलू?" हे तिचं ठरलेलं उत्तर. गळिताचा हंगाम सुरू झाला की काष्टीच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते, आणि दिवेलागणीला त्या अजिबात दिसत नाहीत. म्हणून गेल्या हंगामात तिनं काष्टीच्या शब्बीरभाईंकडून बंपरवर दोन जादा दिवे बसवून घेतले. शब्बीरभाई गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. त्यांच्या मुलीचं बाळंतपण आईनंच केलेलं, त्यामुळे घरोबा होता.

दिवे बसले आणि तक्रार सुरू झाली. डावा दिवा मधेच जातो! शब्बीरभाईंनी अर्थिंगची वायर खरवडून घट्ट केली. पुन्हा तेच. रिले बदलला. पुन्हा तेच. फोनवर आईला दुसरा विषयच उरला नाही. "वळणावर जातो गं, आणि त्यांच्यासमोर नेला की मुकाट्यानं लागतो!" मग एका संध्याकाळी ती डावा आरसा गमावून घरी आली. कडेनं चाललेल्या उसाच्या गाडीला घासून गेली होती. "वर बाई बसली होती, तान्हं घेऊन..." एवढंच बोलली आणि फोन ठेवला. दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकून गेले आणि आम्ही गाडी शब्बीरभाईंच्या गॅरेजवर नेली.

शब्बीरभाईंनी दोन्ही दिव्यांच्या बल्बांची अदलाबदल केली. "आता बल्बातच खोट आसंल तर ती उजवीकडं जाईल," म्हणाले. शटर अर्धं ओढलं, बटण दाबलं आणि डावीकडची एकेक वायर हलवून बघू लागले. आई बंपरसमोर उभी, मी तिच्याशेजारी.

"गेला! बघ, आत्ता गेला!" आई ओरडली.

दोन्ही दिवे लख्ख जळत होते. इतके की माझे डोळे दिपले. शब्बीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "सिस्टर... दोन्ही चालू हायेत."

"काहीतरी बोलू नका, शब्बीरभाई."

"आई, चालू आहे," मी म्हटलं.

ती मग वाकून बंपर चाचपत पुढे सरकली आणि डाव्या दिव्याच्या काचेवर तिनं तळवा टेकवला. बोटं लालभडक उजळली. "गरम आहे," ती म्हणाली, आणि हात तिथंच ठेवून उभी राहिली. शेवटी शब्बीरभाईंनीच बटण बंद केलं.

डोळे तपासले, काचबिंदू निघाला. कडेची गेलेली नजर परत येणार नव्हती; थेंब घालून उरलेली टिकवायची, एवढंच हातात होतं. आईनं डॉक्टरांना एकच विचारलं, "गाडी?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाली, "जन्मभर लोकांच्या डोळ्यांत थेंब घातले मी." आणि किल्ली माझ्या हातात दिली. "कारखान्याकडं घे. त्या बाईला बघायचंय."

ऊसतोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्यांमधून विचारत विचारत आम्ही तिला शोधलं. पाथर्डीकडची होती. "आवं, काय बी झालं न्हाई बगा, नुसती बैलं बुजली," ती हसून म्हणाली. आईनं बाळ मागून घेतलं, डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवून तपासलं, आणि मग ती रडली. नोकरीत इतके मृत्यू पाहिलेली माझी आई, मी पहिल्यांदाच तिला रडताना पाहत होते.

त्यानंतर दर रविवारी मी नगरहून यायची आणि गाडी चालवायची. शेजारी बसली तरी आईचा जीव थाऱ्यावर नसायचा. "हळू... गियर बदल... बैल आहेत पुढं!" माझ्याआधी तिला घुंगरं ऐकू यायची. दर वळणाला तिचा उजवा पाय जोरात खाली दाबला जायचा. मी चिडायची. "आई, तिकडं ब्रेक नाहीये!" "माहितीये मला," म्हणायची, आणि पुढच्या वळणाला पुन्हा दाबायची.

परवा तिचं घर आवरून तिच्याच गाडीनं एकटीच परतत होते. श्रीगोंद्याबाहेर उसाची ट्रॉली एकदम आडवी आली. करकचून ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि बोलणी खायच्या तयारीनं मी डावीकडे वळले. सीट रिकामी होती. खाली रबरी मॅटला, तिची टाच टेकायची तिथं, भोक पडलं होतं.