पोटदुखीवर बाईंचा विश्वास नव्हता

लिमये बाई वर्गात शिरल्या की हजेरीआधी आमचे चेहरे बघायच्या. कोण उपाशी आलंय, कोणाच्या घरी भांडण झालंय, त्यांना बरोबर कळे. मांडवीजवळच्या आमच्या शाळेत मुलांवर त्यांच्याइतकी माया कोणाची नव्हती. फक्त पोटदुखी त्यांना मान्य नव्हती. "ताप हाताला लागतो गो," त्या म्हणायच्या, "पोटदुखीला साक्षीदार नसतो."

पाचवीत मला अधूनमधून बेंबीभोवती कळ यायची. चेहरा पांढराफटक पडायचा, अन्नाचा वास सोसवायचा नाही. दिवसभर पडून राहिले की दुसऱ्या दिवशी मी ठणठणीत. बाईंना खटकायचं ते हेच. सोनोग्राफीतही काही निघालं नाही, तेव्हा त्यांनी आईला लाड कमी करायला सांगितलं.

वक्तृत्व स्पर्धेच्या सकाळी कळ आली. बाईंनी पाठ थोपटून मला तरीही मंचावर पाठवलं. दोन वाक्यांनंतर मी तिथेच ओकले. सगळी शाळा हसली. पुढे कळा थांबल्या आणि कॉलेजात डोकं ठणकू लागलं. पण चारचौघांत बोलायला मी पुन्हा उभी राहिले नाही.

बाई निवृत्त झाल्यावर त्यांची चिपळूणची नात, सई, शिकायला त्यांच्याकडे आली. तिचंही पोट तसंच दुखे. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की ही पोटातली मायग्रेन. लहान मुलांत असते, पुढे काहींचं डोकं दुखायला लागतं. घरात कोणाला अर्धशिशी आहे का, असं त्यांनी विचारलं. ती खुद्द बाईंनाच होती. कपाळाला बाम चोळून त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं.

त्याच आठवड्यात बाई रिक्षा करून आमच्या घरी आल्या. चहाही न घेता म्हणाल्या, "तुझं खरं होतं गो. तुला खोटी ठरवली मी."

मी म्हटलं, "बाई, मी कधीच विसरले ते."

"तू विसरली असशील. पण त्यानंतर तू वर्गात हात वर केला नाहीस, ते मी रोज बघत होते. मला वाटायचं, रुसलीय."

मग बाई उठल्या, मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले.

गेल्या वर्षी बाई गेल्या. घरच्यांना भेटायला गेले तेव्हा सई आजीबद्दल बोलत होती. पोटात कळ आली की आजी खोलीचे पडदे ओढायची, शेजारी बसायची. "खरंच दुखतंय का, असं तिने कधी विचारलं नाही," सई म्हणाली. "कुठे दुखतंय, एवढंच विचारायची."