कुणी अडवलं होतं?

रविवारी सकाळी अकराला लांडटागच्या, म्हणजे इथल्या विधानसभेच्या, उमेदवारांची सभा होती. जर्मनीत नेकारसुल्मच्या कार कारखान्यात लागल्यापासून मी अशा सभांकडे कधी फिरकले नव्हते. या वेळी गेले, कारण पत्रकावर एक प्रश्न छापला होता: राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या लग्न न केलेल्या जोडीदारांना नवरा-बायकोइतकेच हक्क द्यावेत का? माझा जोडीदार विद्यापीठात संशोधक होता, म्हणजे राज्याचाच कर्मचारी. आम्ही नऊ वर्षं एकत्र राहिलो. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, तरी कुठेही गेले की मी शेजारची खुर्ची कोट ठेवून अडवते. वेडेपणा आहे, पण अडवते.

लग्न आम्ही टाळत गेलो. त्याचं पहिलं लग्न मोडलेलं, त्यामुळे ष्टांडेसआम्टला, इथल्या विवाह नोंदणी कचेरीला, पुण्याच्या कोर्टाचा घटस्फोटाचा निकाल हवा होता. तो निकाल त्याच्या आईंच्या कपाटात. आणि आईंना तर आम्ही पहिल्याच वर्षी फोनवर सांगून मोकळे झालो होतो, रजिस्टर लग्न केलं म्हणून. लग्नाशिवाय एकत्र राहतो हे सांगायची दोघांचीही छाती नव्हती. मग आता निकाल मागायचा कुठल्या तोंडाने? आईंनी कोर्टात तीस वर्षं कारकुनी केलेली. पुढच्या वेळी पुण्याला गेलो की हळूच काढून आणू, असं म्हणत नऊ वर्षं गेली. व्हिडिओ कॉल आला की मी घाईघाईने मंगळसूत्र घालायची आणि तो कॅमेऱ्यामागे हसत बसायचा.

मग एके दुपारी तो प्रयोगशाळेत कोसळला. हॉस्पिटलमध्ये नर्सने फॉर्म पुढे करून विचारलं, तुम्ही पत्नी का? अख्ख्या मराठी मंडळात मी त्याची बायको म्हणून मिरवले, हळदीकुंकवाची वाणं घेतली. पण जर्मन फॉर्म समोर आला आणि मी घाबरून खरं तेच लिहिलं, अविवाहित. तिने सभ्यपणे कॉरिडॉरमधला बाक दाखवला. डॉक्टर पुण्याला नातेवाइकांना फोन लावत राहिले, तिकडे कुणी उचलेना. चार तासांनी आयसीयूचं दार सरकलं तेव्हा सगळं संपलं होतं. अजूनही कारखान्यात, दुकानात, कुठलंही दार तसं सरकलं की मी जागच्या जागी थबकते.

सभेत एक उमेदवार बाई म्हणाल्या, हक्क दिलेच पाहिजेत. त्यांच्या शेजारचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ज्यांना हक्क हवेत त्यांनी लग्न करावं. कुणी अडवलंय?"

टाळ्या पडल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला तो स्वतःचाच. मी हात वर केला. दोन रांगा पुढे मंडळातलं एक जोडपं बसलं होतं, तेही वळून बघायला लागलं. मी सांगितलं की आमचं लग्न झालेलं नव्हतं, आणि तो गेला तेव्हा मी दाराबाहेर होते. गृहस्थांनी दिलगिरी व्यक्त केली आणि हॉस्पिटलचा कायदा राज्याच्या नाही, केंद्राच्या हातात आहे असं समजावलं. त्यात खोटं काही नव्हतं.

मंडळातली बातमी पुण्याला पोचायला संध्याकाळ पुरते. म्हणून घरी येऊन कोटही न काढता मीच आईंना व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगून टाकलं, सभेपासून मागे त्या पहिल्या थापेपर्यंत. त्या मला कायमची तोडतील अशी भीती होती. त्याचं म्हणावं असं माझ्याकडे तेवढं एकच माणूस उरलं होतं.

आई उठून आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला आणि त्या एक तपकिरी पाकीट घेऊन परत आल्या.

"निकाल माझ्या कपाटात, मग तुमचं रजिस्टर झालं कसं, एवढं मला कळत नव्हतं का गं?" त्या म्हणाल्या. "कोर्टातून शिक्क्याची प्रत तेव्हाच काढून आणली होती. म्हटलं, मागतील तेव्हा लगेच पोस्टात टाकता येईल. तुम्ही मागितलीच नाहीत."

त्यांनी पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यावर आमच्या इथल्या पहिल्या घराचा पत्ता लिहिलेला होता आणि तिकिटंही लावलेली होती.