आजारी खुर्ची

माझ्या भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, एकतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही खोटी सही केली नाही. हे मी म्हणत नाही. त्यांच्या निरोप समारंभात तीन साहेबांनी हेच वाक्य पाठोपाठ म्हटलं आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. ताई तर समारंभाला आलीच नव्हती.

भाऊजी विमान कंपनीत खुर्च्यांचे मिस्तरी होते. विमानाचा मिस्तरी म्हटलं की लोकांना इंजिन आठवतं. खुर्चीला कसला मिस्तरी लागतो, असं विचारणारे बहुतेक मागच्या डब्यात गुडघे छातीशी घेऊन बसणारे असतात. पुढे, बिझनेस क्लासमध्ये, एकेका खुर्चीत तीन मोटारी असतात. एक पाठ मागे नेते, दुसरी पाय उचलते आणि तिसरी सगळी खुर्ची पुढे सरकवून तिचा साडेसहा फुटांचा पलंग करते. त्यावर गादी, दोन उशा, मऊ पांघरूण, खाली सपाता. माणूस जेवतो, बटण दाबतो, आडवा होतो आणि उठतो तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला पोचलेला असतो.

भाऊजींची एकतीस वर्षं त्या पलंगांच्या खाली गेली, पोटावर झोपून, तोंडात बॅटरी धरून. खुर्चीच्या रुळात काय काय सापडायचं. कानातली, बाळाचे मोजे, फळांच्या बिया, कापलेली नखं. एकदा दातांची अख्खी कवळी निघाली. दुसऱ्या कोणी नाक मुरडून कचऱ्यात टाकली असती. भाऊजींनी ती कागदात गुंडाळली, वर खुर्चीचा नंबर, तारीख आणि वेळ घातली आणि हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर जमा करून पावती घेतली. शेडमध्ये सगळे त्यांना सहीबुवा म्हणायचे. मी तिथेच स्टोअरमध्ये सुटे भाग द्यायला बसतो, त्यामुळे माझ्यासमोर जरा हळू म्हणायचे इतकंच.

आता ही सहीची भानगड समजून घ्या. खुर्ची बिघडली की तिच्यावर लाल पट्टी लागते आणि विमानाच्या वहीत नोंद होते. लाल पट्टीची खुर्ची पैसे भरणाऱ्या प्रवाशाला देता येत नाही. मिस्तरीने दुरुस्त करून वहीत सही केली की पट्टी निघते, काउंटरच्या कॉम्प्युटरवर खुर्ची उघडी दिसते आणि पाच-दहा मिनिटांत कोणाच्या तरी नावावर चढते. कंपनीच्या माणसांना पास मिळतो तो 'जागा असेल तर' या अटीवर, आणि बिझनेस क्लासमध्ये जागा कधी नसते. पण लाल पट्टीची खुर्ची रिकामीच जाणार असेल, तर 'आहे तशी चालेल' असं लिहून घेऊन ती कर्मचाऱ्याला देतात.

यातून आमच्या शेडमध्ये एक रीत पडली. तिला म्हणायचं खुर्ची आजारी ठेवणं. कोणाचे आईवडील, कोणाची बायको लांब जाणार असली की मिस्तरी एखादी बिघडलेली खुर्ची गुपचूप ठीक करायचा, पण सही करायचा नाही. खुर्ची ठणठणीत, आजार फक्त वहीत. विमान परत आलं की मग सही. हे साहेबांनाही माहीत होतं. त्यांची सासूसुद्धा अशीच गेली होती.

भाऊजींनी हे कधी केलं नाही, आणि दुसऱ्याने केलेलं पाहून गप्पही बसले नाहीत. आमच्या इलेक्ट्रिशियनने आपल्या म्हाताऱ्या वडिलांसाठी एक खुर्ची आजारी ठेवली होती. भाऊजींनी ती तपासली, चालू दिसली, सही ठोकली. म्हातारा शेवटच्या रांगेत, संडासाच्या दाराशी बसून गेला. त्यानंतर दोन वर्षं इलेक्ट्रिशियन भाऊजींच्या टेबलावर चहालासुद्धा बसला नाही. ताईला ही गोष्ट कळली तेव्हा ती म्हणाली, "असू दे. सरळ माणूस आहे." तेव्हा तिला त्याचा अभिमानच होता.

ताईचा मणका गेलेला. दोन तासांच्या वर ती बसू शकत नाही; उभी राहते किंवा आडवी होते. सिनेमा तिने मध्यंतरापर्यंत पाहिलेत, बाकीची गोष्ट मी सांगतो. तिची एकुलती एक लेक नऊ वर्षांपूर्वी परदेशी गेली, तिथेच लग्न केलं, तिथेच तिला मुलगी झाली. कागदपत्रं अर्धवट. देश सोडला तर पुन्हा आत घेतील याची खात्री नाही, म्हणून ती येऊ शकत नाही. मग ताईनेच जायचं. विमान सोळा तासांचं. बसून जाणं शक्य नाही, आणि आडवं होऊन जायचं तिकीट भाऊजींच्या वर्षभराच्या पगारात बसत नाही. राहिला पास.

चार वर्षांत ती दोघं पाच वेळा विमानतळावर गेली. पासवर जाणाऱ्याने नीटनेटकं दिसायचं असा नियम, म्हणून भाऊजी कोटात, ताई ठेवणीतल्या कपड्यांत. बॅगेत नातीसाठी स्वेटर. पाचही वेळा काउंटरवरून मान हलली आणि पाचही वेळा ती बॅगेसकट घरी आली. दर खेपेला ताई स्वेटर उसवायची आणि पडल्या पडल्या पुन्हा विणायची, दोन बोटं मोठा. नात वाढत होती ना.

सहावी खेप शेवटची होती. त्या महिनाअखेरीला भाऊजी निवृत्त होणार आणि निवृत्त माणसाला पास मिळतो तो मागच्या डब्याचा. चार दिवस उरले होते. त्या सकाळी विमान आलं आणि वहीत नोंद आली: खुर्ची चार-क, पलंग होत नाही, तिसरी मोटार जळाली. मला तर देवच पावल्यासारखं वाटलं. मोटार माझ्या फळीवर होती. एकच.

भाऊजी खिडकीशी आले तेव्हा मी मोटार त्यांच्या हातात देण्याआधी धरून ठेवली.

"भाऊजी, बसवा. चालवून बघा. सही परत आल्यावर."

ते मोटारीवरचा नंबर वाचत राहिले.

"सगळेच करतात," मी म्हणालो. "साहेबांना मी विचारलंय. ते म्हणाले, सहीबुवाला सांग, मी आज वही बघणार नाही. अजून काय हवंय तुम्हाला?"

"घरी सांगितलंस?"

"सांगितलं. ताई तयार होतेय. तुमच्याशी बोलायचं म्हणतेय."

मी माझा फोन त्यांच्या कानाला लावला. ताई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. भाऊजी म्हणाले, "हो. सही नाही करत. हो म्हटलं ना." मी मोटार सोडली.

बारा वाजता त्यांनी मोटार बसवली. तीन वेळा खुर्ची आडवी करून पाहिली. रूळ पुसले, गादीची शिवण तपासली. एवढं मला नंतर सफाईवाल्या बाईने सांगितलं. ती म्हणाली, मग ते वही उघडून पुढच्या दाराशी बराच वेळ उभे होते. तिला वाटलं चष्मा विसरलेत.

दीड वाजता आम्ही काउंटरशी होतो. ताई बॅगेला टेकून उभी होती, कारण विमानात निदान चढेपर्यंत तरी पाठ सांभाळायची होती. काउंटरवरची बाई आमच्या ओळखीची. तिने कॉम्प्युटर पाहिला, मग पुन्हा पाहिला.

"अहो, चार-क उघडी झाली," ती म्हणाली. "बारा पन्नासला. लगेच गेली."

"उघडी कशी झाली?" मी विचारलं.

"सही आलीय."

ताईने भाऊजींकडे पाहिलं. ते आपल्या बुटांकडे बघत होते. चांगले चकाकत होते बूट, पासच्या नियमाप्रमाणे.

"मागे शेवटच्या रांगेत एक जागा देऊ शकते," बाई म्हणाली. तिचा आवाज पडला होता. "पण ती मागे होत नाही. मागे भिंत आहे."

टॅक्सीत ताई मागच्या सीटवर आडवी झाली आणि भाऊजी पुढे बसले. मी तिच्या पायांशी अंग चोरून बसलो होतो. अर्धा रस्ता मागे पडला. मग ती झोपल्या झोपल्या छताकडे बघत म्हणाली, "सही केली की खुर्ची जाणार, माहीत होतं?"

"हो."

"पेन हातात घेतलंत तेव्हाही?"

"हो."

"मला फोनवर नाही करत म्हणालात."

"म्हणालो," भाऊजी म्हणाले. "पण ती चालू झाली होती. चालू खुर्ची बिघडलेली आहे असं माझ्या वहीत..."

माझ्या मनात तेव्हा जे आलं ते मी आजही मागे घेत नाही. त्या माणसाने वहीत खोटं राहू दिलं नाही, आणि घरी दिलेला शब्द मात्र जाऊ दिला. वहीला त्याचं काय सुख होतं? वही वर्षभराने गोदामात जाते आणि पाच वर्षांनी रद्दीत.

चौथ्या दिवशी, म्हणजे त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, तेच विमान पुन्हा आलं. जळालेली मोटार स्टोअरला जमा करायची राहिली होती, ती भाऊजींच्या हत्यारांच्या पेटीत होती म्हणून घ्यायला मी विमानात चढलो. भाऊजी आधीच चार-क खुर्चीपाशी उभे होते. त्या खेपेला गेलेली एअरहोस्टेस उतरायच्या तयारीत होती. त्यांनी तिला थांबवलं.

"ही नीट आडवी झाली होती ना? मध्ये अडकली नाही?"

"चार-क?" ती आठवून म्हणाली. "जाताना एक गृहस्थ होते. ते झोपलेच नाहीत. सोळा तास लॅपटॉप. मी दोनदा विचारलं, पलंग करून देऊ का, तर म्हणाले, मला बसायलाच बरं वाटतं. पांघरुणाची पिशवीसुद्धा फोडली नाही."

ती गेली. भाऊजींनी बटण दाबलं. खुर्ची सरकत सरकत सपाट झाली. ते वाकून ऐकत होते.

"आवाज नाही," ते म्हणाले.

जळकी मोटार माझ्या हातात होती. पावणेतीन किलोची. ती त्यांच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं, पण त्यांचा हात त्या मोकळ्या गादीवरून फिरत होता. मी मोटार घेऊन खाली उतरलो. संध्याकाळी समारंभ झाला, टाळ्या झाल्या, मनगटावरचं घड्याळ मिळालं.

त्या गृहस्थांची गोष्ट मी ताईला सांगायला नको होती. जिभेला हाड नाही माझ्या. ताईने ऐकून घेतलं, उठली, स्वेटर उसवला आणि या वेळी पुन्हा टाके घातले नाहीत. लोकरीचा गोळा खिडकीत पडून राहिला. लेकीचा फोन आला की ती बोलायची, नातीशी हसायची, भाऊजींशी कामापुरतं. जेवायला वाढायची, औषध मागायची. भांडली असती तर बरं झालं असतं. भाऊजी घरात असे वावरायचे की पाहुणा बरा.

दोन महिन्यांनी एका रविवारी मी गेलो होतो. ताई पलंगावर पडली होती. भाऊजींनी एक कागद आणला आणि तिच्या शेजारी ठेवला, वर पेन. निवृत्तांच्या पासाचा अर्ज होता, मागच्या डब्याचा. त्यांनी तो सुवाच्य अक्षरात भरला होता. फक्त एक चौकोन रिकामा होता, पत्नीच्या सहीचा.

"मध्ये उठून उभी राहशील," ते म्हणाले. "मी बोललोय, शेवटच्या रांगेमागच्या भिंतीपलीकडे थोडी जागा असते. तिथे खाली चादर टाकून... तासभर तरी पडू देतील. कोणी ना कोणी आपलं माणूस असेल त्या विमानात."

ताईने चष्मा लावला. कागद वर धरून वाचला. चौकोनाच्या वर छापलेलं होतं ते तिने मोठ्याने वाचलं, माझ्याकडे न बघता, "मी पूर्ण प्रवास बसून करण्यास प्रकृतीने समर्थ आहे."

भाऊजींनी पेन तिच्याकडे सरकवलं.

"हे खरं आहे का?" तिने विचारलं.

"ते लिहूनच द्यावं लागतं गं," भाऊजी म्हणाले. आवाज इतका खाली होता की मला पुढे सरकावं लागलं. "त्याला काही अर्थ नसतो. सगळेच करतात."

ताईने पेनाचं टोपण लावलं. पेन कागदावर ठेवलं, कागद दुमडला आणि त्यांच्या हातात दिला.

"तुम्ही नाही केलंत," ती म्हणाली, आणि भिंतीकडे कूस वळवली.