चादर बदलायला दोन माणसं

मला माझ्या दोन्ही भावांची शिसारी आली होती. आई अंथरुणाला खिळलेली, पाठीला जखमा झालेल्या, आणि हे दोघे तिच्या उशाशी उभे राहून तिला कोणी न्यायचं यावर भांडायचे. थोरल्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, धाकट्याची नोकरी फिरतीची. दोघांनी काखा वर केल्या. शेवटी बोलणंही बंद झालं, एकमेकांचे निरोप मी पोचवायचे. पुढच्या सोमवारी तिला वृद्धाश्रमात टाकायचं माझ्यामार्फतच ठरलं. तेही तिच्यासमोरच. लाज कोळून प्यायलेली माणसं!

आईचं सगळं करायला मावशी यायच्या. बावीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात आयाचं काम केलेल्या, बुटक्या, रुंद पंजांच्या. कोणाची बाजू म्हणून घ्यायच्या नाहीत. मी भावांबद्दल बोलायला लागले की म्हणायच्या, "हे त्यांच्यासमोर बोला." मला त्यांचाही राग यायचा.

शनिवारी आईचं पोट बिघडलं. खोलीत पाऊल टाकवत नव्हतं. मावशींनी दोघांनाही आत बोलावलं.

"चादर बदलायला दोन माणसं लागतात. दादा, तुम्ही आजींना कुशीवर धरा. भाऊ, तुम्ही चादर खालून ओढा."

थोरल्याने हात लावला आणि ओकारी दाबत मागे सरला. "नाही जमत मला! आणि आमचा तो जिना..."

"जिन्याचं राहू द्या. किळस येते?"

तो खाली बघत म्हणाला, "हो."

"मलाही येते. पहिल्या दिवशी मोरीत जाऊन ओकले होते मी." त्या धाकट्याकडे वळल्या. "आणि तुम्हाला?"

"जखमा बघवत नाहीत."

"मग जखमांचं मी बघते. दादा, तुम्ही खांद्याकडून धरा, तिथे वास कमी."

"धर नीट," धाकटा म्हणाला.

"धरलंय. ओढ तू."

दोन महिन्यांतले हे त्यांचे पहिले शब्द. घाण चादर निघाली, स्वच्छ चादर पसरली गेली. थोरला हात धुऊन आला.

"आई माझ्याकडे येईल. तू इथे असशील तेव्हा येत जा."

"येईन. पण वर कशी न्यायची?"

"खुर्चीत बसवून. दोघं उचलू."

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट शिसारीच वाढली. एवढंसं कारण लपवायला यांनी आईला काय काय ऐकवलं! "नालायक," मी दारातूनच म्हणाले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

"ताई, नाकावरचा रुमाल काढा. आजी बघतायत."